जो बरो खरंच 'नाजूक' आहे का? १०० सामन्यांचा हिशेब काय सांगतो?

१४ सप्टेंबर २०२५. सिनसिनाटीच्या पेकोर स्टेडियममध्ये सिनसिनाटी बेंगल्स आणि जॅक्सनविल जॅग्वार्स यांच्यातला सामना सुरू होता. बेंगल्सचा क्वार्टरबॅक जो बरो याला जॅग्वार्सच्या बचावपटूने पाडलं. बरो उठला तो लंगडतच. डाव्या पायाच्या अंगठ्याची ही दुखापत इतकी गंभीर होती की त्याला शस्त्रक्रिया करावी लागली आणि पुढच्या ९ सामन्यांना मुकावं लागलं.

त्यानंतर अमेरिकेत बरोच्या अंगठ्यापेक्षा त्याच्यावर बसलेल्या शिक्क्याचीच चर्चा जास्त झाली. 'इंज्युरी प्रोन', म्हणजे सतत जायबंदी होणारा खेळाडू. सहा हंगामांत तिसऱ्यांदा मोठी दुखापत झाल्यावर असं बोललं जाणं साहजिकच आहे. पण हा शिक्का योग्य आहे का? त्यासाठी प्रत्येक दुखापत वेगळी करून पाहावी लागते.

क्वार्टरबॅकला इतकं महत्त्व का?

अमेरिकन फुटबॉलमध्ये आक्रमणाची जवळपास प्रत्येक चाल क्वार्टरबॅकच्या हातातून सुरू होते. चेंडू त्याच्याकडे येतो. तो फेकायचा, सहकाऱ्याच्या हातात द्यायचा की स्वतः घेऊन पळायचं, हे त्याला काही सेकंदांत ठरवावं लागतं. त्याचं रक्षण करायला समोर पाच धिप्पाड खेळाडूंची फळी उभी असते. तिला 'ऑफेन्सिव्ह लाइन' म्हणतात. ही फळी फुटली आणि चेंडू फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडलं गेलं, तर त्याला 'सॅक' म्हणतात. बरोची कहाणी समजून घ्यायची तर हा शब्द लक्षात ठेवायला हवा.

पैशाचा मुद्दाही आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये बेंगल्सने बरोसोबत ५ वर्षांसाठी २७.५ कोटी डॉलर्सचा करार केला. वर्षाला सरासरी साडेपाच कोटी डॉलर्स. त्यावेळी एनएफएलमध्ये एवढी सरासरी कोणाचीच नव्हती. या लीगमध्ये प्रत्येक संघाच्या पगारखर्चाला कमाल मर्यादा असते. त्यामुळे एवढी रक्कम घेणारा खेळाडू बाहेर बसला, की तिची भरपाई दुसरीकडून करणं कठीण होतं.

बरोला आतापर्यंत काय काय झालं?

बरोने २०१९ मध्ये लुइझियाना स्टेट विद्यापीठाकडून एकाच हंगामात ६० टचडाउन पास फेकले आणि संघाला एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं. २०२० च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, बेंगल्सने त्याला पहिल्या क्रमांकावर घेतलं. तेव्हा तो २३ वर्षांचा होता.

पहिली मोठी दुखापत: २२ नोव्हेंबर २०२०. वॉशिंग्टनविरुद्ध चेंडू फेकत असताना एक बचावपटू वरून आणि दुसरा खालून त्याच्यावर आदळला. डाव्या गुडघ्यातले एसीएल आणि एमसीएल हे दोन्ही लिगामेंट फाटले. हंगाम तिथेच संपला.

दुसरी मोठी दुखापत: १६ नोव्हेंबर २०२३. बाल्टिमोर रेव्हन्सविरुद्धच्या सामन्यात उजव्या मनगटातला लिगामेंट फाटला. हा त्याचा चेंडू फेकण्याचा हात. पुन्हा शस्त्रक्रिया झाली आणि उरलेले ७ सामने हुकले.

तिसरी मोठी दुखापत: सप्टेंबर २०२५ मधली अंगठ्याची. तिला 'टर्फ टो' म्हणतात. अंगठ्याच्या बुडाशी असलेला सांधा प्रमाणाबाहेर मागे वाकला की त्याखालचे स्नायुबंध ताणले जातात किंवा फाटतात. कृत्रिम गवताच्या, म्हणजे टर्फच्या मैदानांवर अशी दुखापत जास्त दिसू लागली, म्हणून तिला हे नाव पडलं. बरोची दुखापत सर्वांत गंभीर श्रेणीतली होती. तरीही तो ७४ दिवसांनी, २७ नोव्हेंबरला मैदानात परतला आणि बेंगल्सने रेव्हन्सला ३२-१४ असं हरवलं.

याशिवाय जुलै २०२३ मध्ये सरावादरम्यान त्याची उजवी पोटरी दुखावली होती. २०२२ च्या उन्हाळ्यात अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली होती. पण त्याचा फुटबॉलशी संबंध नव्हता.

आकडे काय सांगतात?

२०२० ते २०२५ या सहा हंगामांत बेंगल्सने साखळीतले बरोबर १०० सामने खेळले. त्यातले ७७ बरोने खेळले. उरलेल्या २३ पैकी एक सामना २०२१ च्या हंगामातला शेवटचा होता. प्लेऑफमधली जागा आधीच पक्की झाल्याने त्याला विश्रांती दिली होती. म्हणजे दुखापतीमुळे २२ सामने हुकले: २०२० मध्ये ६, २०२३ मध्ये ७ आणि २०२५ मध्ये ९.

हे २२ सामने तीन हंगामांतच एकवटले आहेत. उरलेल्या तीन हंगामांत, म्हणजे २०२१, २०२२ आणि २०२४ मध्ये, दुखापतीमुळे त्याचा एकही सामना हुकला नाही. मनगटाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या २०२४ च्या हंगामात तर तो सर्व १७ सामने खेळला. ४,९१८ यार्डांचे पास आणि ४३ टचडाउन, दोन्हींत तो लीगमध्ये अव्वल होता. दुखापतीतून दमदार पुनरागमन करणाऱ्याला मिळणारा 'कमबॅक प्लेयर ऑफ द इयर' पुरस्कार त्याने २०२१ आणि २०२४ असा दोनदा मिळवला. हा पुरस्कार दोनदा मिळण्यासाठी आधी दोनदा जायबंदी व्हावं लागतं, हेही खरंच.

शरीर कमजोर की मार जास्त?

'नाजूक' या शब्दात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. खेळाडू किती सामने बाहेर राहिला, ही एक. त्याचं शरीर मुळात दुखापतीला बळी पडणारं आहे का, ही दुसरी.

दुसऱ्या प्रश्नासाठी दोन खुणा पाहता येतात. पहिली, तीच दुखापत पुन्हा पुन्हा होते का? मांडीमागच्या किंवा पोटरीच्या स्नायूंच्या बाबतीत जुनी दुखापत ही नव्या दुखापतीची मोठी पूर्वसूचना मानली जाते. दुसरी खूण, कोणी धक्का न लावता, नुसतं धावताना शरीर दगा देतं का?

बरोच्या तीन मोठ्या दुखापती डावा गुडघा, उजवं मनगट आणि डाव्या पायाचा अंगठा अशा तीन वेगळ्या जागी झाल्या. फाटलेला डावा गुडघा दुरुस्त झाल्यानंतर त्या गुडघ्याने त्याला पुन्हा सामना चुकवायला लावलेला नाही. तिन्ही दुखापती प्रतिस्पर्ध्याशी झालेल्या झटापटीत झाल्या. कोणाचाही धक्का न लागता झालेली म्हणून पोटरीचं दुखणं तेवढं दाखवता येतं. त्यामुळे त्याचा साखळीतला एकही सामना हुकला नाही.

आता तो लक्षात ठेवलेला शब्द: सॅक. पहिल्या पाच हंगामांत, ६९ सामन्यांमध्ये, बरोला १९६ वेळा पाडलं गेलं. सामन्यामागे जवळपास तीनदा. २०२१ च्या साखळीत तो ५१ सॅकसह लीगमध्ये सर्वांत जास्त मार खाणारा क्वार्टरबॅक होता. त्या प्लेऑफमध्ये आणखी १९ सॅक झाले. त्यातले ९ टेनेसी टायटन्सविरुद्धच्या एकाच सामन्यात. तो सामना बेंगल्सने जिंकला आणि ते सुपर बोलपर्यंत पोहोचले. तिथे लॉस एंजेलिस रॅम्सने बरोला ७ वेळा पाडलं आणि सामना २३-२० असा जिंकला.

संघाने काय केलं?

गुडघा फाटल्यानंतरच्या २०२१ च्या ड्राफ्टमध्ये बेंगल्सची निवडीची पाळी पाचवी होती. बरोच्या रक्षणासाठी लाइनमन पेनेई सूअलला घ्या, असं अनेकांचं मत होतं. बेंगल्सने बरोचा विद्यापीठातला साथीदार, रिसीव्हर जमार चेसला घेतलं. चेसने पहिल्याच हंगामात सर्वोत्तम नवोदित आक्रमक खेळाडूचा पुरस्कार मिळवला, त्यामुळे निवड चुकली असं म्हणता येत नाही. पण पुढची फळी कच्ची राहिली आणि त्याची किंमत बरोच्या शरीराने मोजली. नंतर २०२३ मध्ये ऑरलँडो ब्राउन ज्युनियरला करारबद्ध केलं, २०२४ मध्ये पहिल्या फेरीत अमारियस मिम्सला निवडलं. तरीही २०२४ मध्ये बरोला ४८ वेळा पाडलंच गेलं.

मग बरोचा काहीच दोष नाही?

आहे. सॅकची सगळी जबाबदारी फळीवर टाकता येत नाही. समोरचा सहकारी मोकळा होईपर्यंत चेंडू हातात धरून ठेवणं, अंगावर येणाऱ्यांना चुकवत चाल लांबवणं हा बरोच्या खेळाचाच भाग आहे. त्यातूनच त्याचे सर्वांत सुंदर पास येतात आणि त्यातूनच तो अडचणीतही सापडतो. चेंडू थोडा आधी सोडणं किंवा सरळ मैदानाबाहेर फेकून देणं, हे त्याच्या हातात आहे.

असा शिक्का आधी कोणावर होता?

बरोला सुपर बोलमध्ये हरवणाऱ्या रॅम्सच्या क्वार्टरबॅकवरच. मॅथ्यू स्टॅफर्डला २००९ मध्ये डेट्रॉइट लायन्सने पहिल्या क्रमांकावर निवडलं होतं. खांदा आणि गुडघ्याच्या दुखापतींमुळे पहिल्या दोन हंगामांतल्या ३२ पैकी १३ सामनेच तो खेळू शकला. 'पैसे पाण्यात गेले' असं बोललं जाऊ लागलं. २०११ मध्ये तो सर्व १६ सामने खेळला, ५,०३८ यार्डांचे पास फेकले आणि लायन्सला १९९९ नंतर पहिल्यांदा प्लेऑफमध्ये नेलं. तिथून सलग १३६ सामने त्याने चुकवले नाहीत. ती मालिका २०१९ मध्ये पाठीच्या दुखापतीने थांबली.

दुसरं उदाहरण अँड्र्यू लकचं. २०१२ च्या ड्राफ्टमध्ये पहिला आलेला इंडियानापोलिस कोल्ट्सचा हा क्वार्टरबॅक वर्षानुवर्षं कमकुवत फळीमागे खेळला. खांद्यामुळे २०१७ चा पूर्ण हंगाम हुकला. २०१८ मध्ये तो परतला, सर्व सामने खेळला आणि 'कमबॅक प्लेयर'ही ठरला. पण ऑगस्ट २०१९ मध्ये, दुखापत, उपचार, पुन्हा दुखापत या फेऱ्याला कंटाळून २९ व्या वर्षी त्याने निवृत्ती घेतली. ती बातमी पसरली त्या रात्री घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली.

डिसेंबर २०२५ मध्ये बरोही २९ वर्षांचा झाला.

मग शिक्का योग्य की अयोग्य?

बरो दर दोन हंगामांमागे एकदा दीर्घकाळ बाहेर बसला आहे, ही वस्तुस्थिती आहे. बेंगल्सने ती गृहीत धरूनच तयारी करायला हवी. २०२५ मध्ये त्याच्याविना खेळलेल्या ९ सामन्यांपैकी त्यांनी एकच जिंकला. चांगला पर्यायी क्वार्टरबॅक हाताशी ठेवणं ही त्यांच्यासाठी चैन नाही.

पण त्याचं शरीरच नाजूक आहे, याला त्याच्या दुखापतींचा इतिहास फारसा आधार देत नाही. वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या टकरींत झालेल्या या दुखापती जास्त मार खाणाऱ्या खेळाडूच्या आहेत. 'नाजूक' म्हटलं की दोष एकट्या खेळाडूच्या हाडामांसाला चिकटतो आणि त्याच्यापुढची फळी, ती उभारणारं व्यवस्थापन आणि त्याची स्वतःची खेळण्याची सवय हे तिन्ही सुटतात. शरीर बदलता येत नाही. या तीन गोष्टी मात्र बदलता येतात.