मातापित्यांचा वारसा आणि हिब्रूचे उच्चार

मूल आईबापांची भाषा बोलते, हे विधान सामान्यतः खरे आहे. परंतु आईबाप जे ठरवून देतात ते एक, आणि नकळत देतात ते दुसरे. आधुनिक हिब्रूच्या इतिहासात हा भेद विशेष स्पष्टपणे आढळतो.

एलिएझर बेन-यहूदा १८८१ मध्ये पॅलेस्टाइनात आले, त्या वेळी हिब्रू ही प्रार्थनेची व लेखनाची भाषा होती. मातृभाषा मात्र ती कोणाचीच नव्हती. १८८२ मध्ये जन्मलेल्या आपल्या मुलाच्या कानावर हिब्रूखेरीज दुसरी भाषा पडू द्यावयाची नाही, असा त्यांनी निश्चय केला. आईने रशियन अंगाईगीत म्हटल्यामुळे घरात उठलेल्या वादळाची हकीकत त्या मुलाने, म्हणजे इतामार बेन-आवी याने, पुढे आत्मचरित्रात नमूद केली आहे. या निश्चयाची किंमत मुलाने एकाकीपणाने मोजली; कारण त्याच्याशी त्या भाषेत खेळणारे सवंगडीच नव्हते.

एका घराच्या बळावर भाषा बोलती होत नाही. १८९८ मध्ये रिशोन ल'त्सियोन येथे हिब्रू बालशाळा निघाली. अशा शाळांतून मुलांचा समुदाय तयार झाला आणि भाषेला अंगण मिळाले. अनेक घरांत तर मुलांकडूनच आईबापांना हिब्रू शिकावी लागली. १९२२ च्या ब्रिटिश अंमलाच्या सनदेत इंग्रजी व अरबी यांच्या जोडीला हिब्रूस शासकीय स्थान मिळाले.

उच्चारांचा इतिहास अधिक उद्बोधक आहे. पूर्व युरोपातील यहुदी 'शब्बोस' म्हणत. नव्या बोलीसाठी सेफार्दी परंपरेतील 'शब्बात' हे रूप जाणीवपूर्वक स्वीकारण्यात आले आणि ते रुजले. 'त' हा ध्वनी त्या आईबापांच्या जिभेवर होताच. 'अयिन' व 'हेत' या वर्णांचे घशातून खोल निघणारे मूळ उच्चार मात्र त्यांच्या यिडिशमध्ये नव्हते. ते टिकावेत ही बेन-यहूदांची इच्छा होती. तथापि मुलांनी उचलले ते कानांनी ऐकलेले, उपदेशिलेले नव्हे. बहुसंख्यांच्या बोलीत 'अयिन' बहुधा लोप पावला व 'हेत' हा 'ख'सदृश घर्षक झाला. यमन आदी देशांतून आलेल्या कुटुंबांत वडीलधाऱ्यांनी हे उच्चार जपले होते. त्यांच्या मुलांनी मात्र बव्हंशी बरोबरीच्यांचे वळण घेतले.

तात्पर्य, आईबापांचा संकल्प मुलाला भाषेच्या दारापर्यंत नेतो. तिचे वळण त्यांच्या जिभेवरून येते आणि तिचे आयुष्य सवंगड्यांच्या हाती असते.

मराठीच्या अभ्यासकास हा विषय परका नाही. १९४८ नंतर कोकण व मुंबई सोडून इस्राएलात गेलेल्या बेने इस्राएल कुटुंबांची घरची भाषा मराठी होती. तेथे वाढलेल्या मुलांना शाळेने व अंगणाने हिब्रू दिली. मराठी बहुतांशी वडीलधाऱ्यांपाशी उरली. इतामारला जे सवंगडी लाभले नव्हते, ते या मुलांना भरपूर लाभले होते.