अयनांशाचा वाद : राशिचक्राच्या आरंभबिंदूचा इतिहास

जन्मपत्रिका उघडताच लग्न, राशी आणि दशा यांकडे दृष्टी वळते. या सर्वांचा पाया असलेल्या अयनांशाकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष जाते. तरीही गेल्या शतकात महाराष्ट्रातील पंचांगकर्त्यांत जो मोठा वाद झाला, तो याच अंकावरून.

आकाशातील ग्रहाचे स्थान भोग आणि शर या दोन मापांनी सांगतात. क्रांतिवृत्तावरील अंतर तो भोग आणि त्या वृत्ताच्या उत्तरेस वा दक्षिणेस असलेले अंतर तो शर. फलज्योतिषाची भिस्त मुख्यतः भोगावर असते. परंतु वृत्ताला स्वाभाविक आरंभ नसल्याने तो कोठे तरी मानावा लागतो. वसंतसंपातापासून मोजलेला भोग सायन, तर नक्षत्रांशी निगडित स्थिर बिंदूपासून मोजलेला निरयन. या दोन आरंभांतील अंतर म्हणजे अयनांश. संपात वर्षाला सुमारे ५० विकला मागे सरकत असल्याने हे अंतर सुमारे ७२ वर्षांत एक अंश वाढते.

कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ (इ. स. १५२०) मध्ये रचलेल्या ग्रहलाघवात शके ४४४ हे शून्य अयनांशाचे वर्ष मानले असून वार्षिक गती ६० विकला धरली आहे. ही गती प्रत्यक्षाहून अधिक आहे. शके १७८७ (इ. स. १८६५) मध्ये केरो लक्ष्मण छत्रे यांच्या गणितावर पटवर्धनी पंचांग निघाले. त्यात रेवतीची योगतारा आरंभस्थानी मानली होती. त्यानुसार अयनांश सुमारे १८ येत, तर ग्रहलाघवानुसार २२ हून थोडे अधिक. लोकमान्य टिळकांनी रेवतीपक्षास पाठबळ दिले. पुढे व्यंकटेश बापूजी केतकर यांनी चित्रा तारा बरोबर १८० अंशांवर मानणाऱ्या पक्षाचा हिरिरीने पुरस्कार केला. या पक्षाचे अयनांश परंपरागत मानाच्या अगदी निकट होते.

दोन्ही पक्षांतील अंतर सुमारे चार अंशांचे आहे. म्हणूनच मकरसंक्रांत एका पंचांगात १४ जानेवारीच्या सुमारास, तर टिळक पंचांगात १० च्या सुमारास येते. क्वचित अधिक मासही भिन्न पडून सणांत महिन्याचे अंतर पडते. नक्षत्राचा चरण ३ अंश २० कलांचा असल्याने तो बदलतोच आणि त्याबरोबर नावाचे आद्याक्षरही. विंशोत्तरी पद्धतीत शुक्राची महादशा २० वर्षांची असते. चंद्र शुक्राच्या नक्षत्री असता, चार अंशांच्या फरकाने तिच्या समाप्तीत सहा वर्षांचे अंतर पडते.

१९५२ साली डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीने १९५५ मध्ये अहवाल सादर केला. तिने चित्रापक्षाला अनुसरून २१ मार्च १९५६ रोजीचे अयनांश २३ अंश १५ कला निश्चित केले. टिळक पंचांगाची परंपरा मात्र त्यानंतरही चालू राहिली.

या वादात आकाश दोघांचेही एकच होते. मतभेद होता तो केवळ मोजणीच्या आरंभाविषयी. म्हणून घरातील जुनी पत्रिका नव्या पत्रिकेशी जुळली नाही, तर ती करणाऱ्या ज्योतिषाला दोष देण्यापूर्वी तिच्यातील अयनांश पाहावा. आणि नवी पत्रिका करविताना तो अंक तिच्यावर अवश्य लिहवून घ्यावा, म्हणजे पुढील पिढीस तिचा अर्थ लावता येईल.