डोंगराअलीकडचे, डोंगरापलीकडचे

१९३६ च्या नोव्हेंबरात अध्यक्षपदाच्या निवडणुकीत डेमोक्रॅट फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी अमेरिकेतल्या ४८ पैकी ४६ राज्यं खिशात घातली. हाती लागली नाहीत ती दोनच, मेन आणि व्हरमाँट. मेनचा कौल तोच देशाचा कौल, अशी तिकडे जुनी म्हण होती. रूझवेल्ट यांचे प्रचारप्रमुख जेम्स फार्ली यांनी निकालानंतर ती फिरवली: मेनचा कौल तोच व्हरमाँटचा कौल. सारा देश हसला. व्हरमाँटला त्याचं काही वाटल्याचं दिसत नाही. रूझवेल्ट चार वेळा उभे राहिले आणि चारही वेळा या राज्याने त्यांना नाकारलं.

हट्टीपणाचा हा एकच नमुना नव्हे. १८५६ ते १९६० या काळात अध्यक्षपदाच्या सलग २७ निवडणुकांत व्हरमाँट रिपब्लिकन पक्षामागे उभं राहिलं. डेमोक्रॅट गव्हर्नर तर १०९ वर्षं झालाच नाही. आज हेच राज्य डेमोक्रॅट उमेदवाराला देशात सर्वांत घसघशीत मतं देणाऱ्यांत मोडतं. एवढी उलथापालथ झाली कशी, याचं उत्तर मतदारांच्या मनात जितकं आहे तितकंच पक्षाच्या घरातल्या भांडणांत आहे.

मूळ कारण गुलामगिरीचं. व्हरमाँटच्या १७७७ च्या संविधानानेच प्रौढांना गुलाम म्हणून बाळगण्यास मनाई केली होती. यादवी युद्धात सव्वातीन लाखांहून कमी वस्तीच्या या राज्यातून सुमारे ३४ हजार लोक लढायला गेले आणि पाच हजारांहून अधिक परतले नाहीत. ज्या घरातला मुलगा युद्धात गेला, त्या घरात डेमोक्रॅट म्हणजे दक्षिणेतल्या बंडखोरांचा पक्ष, हे पुढे कित्येक वर्षं सांगावं लागलं नाही. १८६० मध्ये लिंकनविरुद्ध उभे असलेले स्टीफन डग्लस व्हरमाँटमधल्या ब्रँडनचेच. जन्मभूमीने त्यांना धूळ चारली.

त्यात राज्याची वस्ती जवळपास जागच्या जागी थांबली. पश्चिमेकडे चांगली जमीन मिळत होती. तरुण तिकडे गेले. १८५० मध्ये ३ लाख १४ हजार असलेली लोकसंख्या ११० वर्षांनंतरही चार लाखांना शिवली नव्हती. मागे राहिली ती तीच घराणी, तीच शेतं. बर्लिंग्टन आणि विनूस्कीच्या गिरण्यांत आलेले आयरिश आणि फ्रेंच-कॅनेडियन मजूर डेमोक्रॅट झाले खरे, पण त्यांची गावं मोजकीच.

विरोधी पक्ष नसला म्हणून राजकारण नव्हतं असं मात्र नाही. ग्रीन माउंटन्सची रांग राज्याला उत्तर-दक्षिण चिरत जाते. पूर्वेला कनेक्टिकट नदी, पश्चिमेला शँप्लेन सरोवराचं खोरं. रिपब्लिकनांनी आपापसात एक अलिखित करार पाळला, त्याला म्हणत ‘डोंगराचा नियम’. एकदा गव्हर्नर पूर्वेचा, पुढच्या खेपेला पश्चिमेचा. वॉशिंग्टनला जाणारे दोन सिनेटरही एकेका बाजूचे. लेफ्टनंट गव्हर्नर दुसऱ्या बाजूचा ठेवायचा, म्हणजे पुढचा माणूस तयारच. दोन वर्षं झाली की गव्हर्नर मुकाट्याने घरी जाई. एका पक्षाच्या पोटात अशी सर्वांना पाळी मिळत असताना दुसऱ्या पक्षाची गरज कोणाला वाटणार?

या व्यवस्थेला पहिला तडा निसर्गाने दिला. नोव्हेंबर १९२७ च्या महापुरात ८४ माणसं गेली आणि बाराशेहून अधिक पूल वाहून गेले. मृतांत लेफ्टनंट गव्हर्नर हॉलिस्टर जॅक्सनही होते. मोडलेले रस्ते बांधायचे तर अनुभवी माणूस बदलून कसं चालेल, म्हणून जॉन वीक्स यांना १९२८ मध्ये पुन्हा निवडून दिलं गेलं.

पण पक्षातली खरी झुंज होती ती प्रॉक्टर घराण्याशी. संगमरवराच्या खाणींवर उभ्या राहिलेल्या व्हरमाँट मार्बल कंपनीचे हे मालक. रेडफील्ड प्रॉक्टर गव्हर्नर झाले, युद्धमंत्री झाले, सिनेटर झाले. मुलगा फ्लेचर गव्हर्नर, दुसरा मुलगा रेडफील्ड गव्हर्नर, नातू मॉर्टिमरही गव्हर्नर. गावाचं नावसुद्धा प्रॉक्टर! त्यांच्यासमोर उभा राहिला पटनी गावचा रोपवाटिकावाला जॉर्ज एकन. रानफुलांवर पुस्तक लिहिणारा हा माणूस वीज कंपन्या आणि बड्या बँकांवर तुटून पडे. आजचा पक्ष पाहून लिंकनला लाज वाटली असती, असं १९३८ मध्ये लिंकनजयंतीच्या भाषणात त्यांनी स्वपक्षीयांनाच सुनावलं. ३४ वर्षं ते सिनेटर होते. १९६८ च्या निवडणुकीत डेमोक्रॅटांनी त्यांच्याविरुद्ध कोणाला उभंच केलं नाही, आणि एकन यांचा प्रचारखर्च झाला १७ डॉलर ९ सेंट. एकन यांचे मित्र अर्नेस्ट गिब्सन यांनी १९४६ च्या प्राथमिक निवडणुकीत मॉर्टिमर प्रॉक्टर यांना पाडलं. पदावरचा गव्हर्नर पक्षांतर्गत लढतीत पडल्याची ही राज्यातली पहिलीच वेळ.

माझ्या मते व्हरमाँटच्या इतिहासातली निर्णायक निवडणूक हीच. मतदाराला मालकवर्गाविरुद्ध मत द्यायची सवय लागली, ती रिपब्लिकन चिठ्ठीवरच.

१९६२ मध्ये बर्लिंग्टनचे तरुण डेमोक्रॅट वकील फिलिप हॉफ गव्हर्नर झाले, अवघ्या १,३४८ मतांनी. गंमत अशी की नुसत्या डेमोक्रॅट रकान्यातल्या मतांवर ते हरलेच असते. पदावरचे रिपब्लिकन गव्हर्नर कायझर यांच्यावर चिडलेल्या काही रिपब्लिकनांनी वेगळा पक्ष काढून त्याच्या रकान्यातही हॉफ यांचंच नाव घातलं होतं. गडाचं दार आतून उघडलं गेलं.

पाठोपाठ विधिमंडळ बदललं. तोवर प्रत्येक गावाला एक प्रतिनिधी असे, गाव केवढंही असो. ३५ हजार वस्तीच्या बर्लिंग्टनला एक आणि जेमतेम काही डझन माणसांच्या स्ट्रॅटनलाही एक. सभागृहात २४६ सदस्य, त्यांत शेतकरी भरपूर. न्यायालयाच्या निकालानंतर १९६५ मध्ये लोकसंख्येनुसार १५० जागा ठरल्या आणि खेड्यांचा वरचष्मा गेला. त्याआधी १९६४ मध्ये व्हरमाँटने इतिहासात पहिल्यांदाच अध्यक्षपदासाठी डेमोक्रॅट उमेदवार निवडला होता, लिंडन जॉन्सन.

मग माणसं आली. नवे महामार्ग, बर्फावर घसरण्याचे अड्डे, एसेक्स जंक्शनचा आयबीएमचा कारखाना, शहराला कंटाळून शेती करायला निघालेली तरुण जोडपी. १९८० पर्यंत लोकसंख्या पाच लाखांवर गेली. ब्रुकलिनमधून आलेले बर्नी सँडर्स १९८१ मध्ये बर्लिंग्टनचे महापौर झाले, दहा मतांनी. हरवलं कोणाला? पाच वेळा निवडून आलेल्या डेमोक्रॅट महापौराला.

सगळं श्रेय आलेल्यांना देण्याची पद्धत आहे. ते अर्धंच खरं. रस्त्याकडेचे जाहिरातफलक हटवण्याचा १९६८ चा कायदा आणि १९७० चा जमीनवापराचा कडक कायदा रिपब्लिकनांच्याही हातचे आहेत. दुसऱ्यावर तर रिपब्लिकन गव्हर्नर डीन डेव्हिस यांची छाप आहे. इकडे राष्ट्रीय पक्ष दक्षिणेकडे आणि उजवीकडे सरकत गेला. मे २००१ मध्ये सिनेटर जिम जेफर्ड्स यांनी रिपब्लिकन पक्ष सोडला आणि ५०-५० अशा सिनेटमधली सत्ता एका माणसाने पालटली.

जुना मतदार संपला असंही नाही. २००० मध्ये समलिंगी जोडप्यांच्या नात्याला कायद्याने मान्यता मिळाली, तेव्हा ‘व्हरमाँट परत मिळवा’ अशा पाट्या कोठारांवर झळकल्या आणि त्याच वर्षी प्रतिनिधिगृह रिपब्लिकनांकडे गेलं.

२०२४ मध्ये कमला हॅरिस यांना इथे सुमारे ६४ टक्के मतं पडली. त्याच मतपत्रिकेवर रिपब्लिकन गव्हर्नर फिल स्कॉट ७० टक्क्यांहून अधिक मतं मिळवून पुन्हा निवडून आले. बॅरेजवळच्या थंडर रोडवर मोटारशर्यतींत गाडी पळवणारा हा माणूस. २०२० मध्ये त्यांनी बायडेन यांना मत दिल्याचं उघड सांगितलं होतं. शाळांसाठीचा मालमत्ता कर सरासरी १४ टक्क्यांच्या आसपास वाढल्याने लोक चिडले होते. डेमोक्रॅटांचं दोन्ही सभागृहांतलं दोन-तृतीयांश बहुमत त्यात गेलं. लेफ्टनंट गव्हर्नरच्या लढतीत कोणालाच निम्म्याहून अधिक मतं पडली नाहीत. तिथल्या नियमाप्रमाणे निवड विधिमंडळाकडे गेली आणि जानेवारी २०२५ मध्ये आमदारांनी जॉन रॉजर्स यांना निवडलं. रॉजर्स आधी राज्याच्या सिनेटमध्ये डेमोक्रॅट सदस्य होते. पक्ष बदलून ते रिपब्लिकन झाले, त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं.