घरघर आणि घोरणं

आजीच्या केसपेपरवर डॉक्टरांनी एक शब्द लिहिला होता: रॉन्काय. रिक्षात बसल्यावर तिनं विचारलं, "काय लिहिलंय रे?" मी मोबाइल काढला. रॉन्काय हे 'रॉन्कस' या लॅटिन शब्दाचं अनेकवचन. लॅटिननं तो ग्रीककडून घेतला. अर्थ, घोरणं.

"तू घोरतेस, असं लिहिलंय."

"त्यात नवीन काय? तुझे आजोबा जन्मभर तेच सांगत होते."

पण तपासताना आजी टक्क जागी होती. मग जाग्या माणसाच्या छातीला घोरण्याचा शब्द कशाला? बेशुद्ध रुग्णाच्या घशातून येणाऱ्या जड आवाजाला डॉक्टर 'स्टर्टर' म्हणतात. तोही लॅटिनमधल्या घोरण्याच्या क्रियापदावरून आलेला, पण तिथं निदान घोरल्यासारखा आवाज तरी असतो.

रॉन्कसची गोष्ट पॅरिसची आहे. १८१६ साली रेने लेनेक या डॉक्टरानं कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीला लावली. त्यातून स्टेथोस्कोप आला आणि १८१९ साली त्याचा ग्रंथही. छातीतले आवाज आता नीट ऐकू येऊ लागले, पण त्यांना नावं हवी होती. श्वासात मिसळणाऱ्या जादा आवाजांसाठी त्यानं फ्रेंचमधला 'राल' हा शब्द घेतला.

अडचण अशी की लोकांच्या बोलण्यात राल म्हणजे मरणाऱ्याच्या घशातली घरघर. आपल्याकडे "घरघर लागली" म्हटल्यावर जे समजतं, तेच. खाटेवरच्या माणसानं हा शब्द ऐकला, की त्याला मरणच दिसायचं. म्हणून रुग्णासमोर लेनेक 'रॉन्कस' म्हणू लागला. वस्तू तीच, नाव न कळणारं. पुढच्या डॉक्टरांनी मात्र हे दोन शब्द वेगवेगळ्या आवाजांना वाटून टाकले.

ज्या क्षयाचे आवाज लेनेक इतरांच्या छातीत ऐकत होता, त्याच क्षयानं तो १८२६ साली, वयाच्या ४५व्या वर्षी गेला.

डॉक्टरांचं लॅटिन म्हणजे नुसता रुबाब, असं मला वाटायचं. हा शब्द मात्र दयेतून आला होता. पण त्या दयेची किंमत रुग्णच मोजतो: चर्चा त्याच्याच छातीची, आणि कळत नाही त्यालाच. रिक्षात मीही आजीला हसण्यावारी नेऊन तेच केलं होतं.

संध्याकाळी डॉक्टरांना फोन करून विचारलं आणि तिला सरळ सांगितलं, "श्वासनळ्यांत कफ साठलाय. औषध नियमित घ्यायचं."

"एवढंच ना?" ती म्हणाली. "मग दुपारपासून मला घाबरवलंस कशाला?"