अपेंडिक्स, पांढऱ्या पेशी आणि धूर-अग्नीचा प्रश्न



मी तत्त्वज्ञानाचा मास्तर. वैद्यकाच्या इतिहासावर बोलायचा माझा अधिकार काय, असं कुणी विचारलं तर मी घरचाच एक प्रसंग सांगतो. १९७१ साल. धाकटा भाऊ कॉलेजात होता. सकाळपासून त्याच्या बेंबीभोवती दुखत होतं, दुपारी उलटी झाली. एका दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं, रिपोर्ट बघितला आणि म्हणाले, "पेशी नऊ हजार. अपेंडिक्स नाही. घरी न्या." पोटाला हात लावल्याचं मला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी रात्री अपेंडिक्स फुटलं. भाऊ वाचला, पण त्याचं वर्ष गेलं. "पेशी नऊ हजार, म्हणून अपेंडिक्स नाही" या 'म्हणून'मध्ये काय चुकलं, ते आज बघू.

आधी इतिहास. १८८६ पर्यंत या दुखण्याचं मूळ कुठे आहे याबद्दलच गोंधळ होता. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला सूज येते, अशी समजूत होती. त्या वर्षी हार्वर्डचे रेजिनाल्ड फिट्झ यांनी अपेंडिक्स फुटलेल्या २५७ रुग्णांच्या नोंदी एकत्र मांडल्या आणि मूळ दोष त्या बोटभर शेपटीत असतो हे दाखवलं. 'अपेंडिसायटिस' हा शब्द त्यांचाच. वेळेवर ऑपरेशन करा, असा आग्रहही त्यांनी धरला. इथून खरा पेच सुरू होतो. फुटण्याआधी कापायचं, तर फुटण्याआधी ओळखायला हवं. आणि ओळखायचं कशावरून?

हा पेच किती अवघड होता ते १९०२ मध्ये साऱ्या जगाने पाहिलं. सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक २६ जूनला ठरलेला. आपले शाहू महाराजही त्यासाठी विलायतेला गेलेले. आणि राजाच्या पोटात दुखायला लागलं. राजा ऑपरेशनला तयार नव्हता. अखेर २४ जूनला राजवाड्यातच फ्रेडरिक ट्रेव्ह्ज यांनी पोट उघडून पू काढला. अपेंडिक्स मात्र तसंच राहू दिलं. राज्याभिषेक झाला ९ ऑगस्टला.

याच्या एकच वर्ष आधी, १९०१ मध्ये, लाइपझिगच्या हाइनरिख कुर्शमान यांनी एक नवा साक्षीदार पुढे आणला होता : रक्तातल्या पांढऱ्या पेशी. बारीक चौकोन आखलेल्या काचेवर रक्ताचा थेंब घ्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजायच्या. आकडा चढत गेला तर आत पू झाल्याचा संशय घ्यायचा. पोट न उघडता पोटातलं कळायची ही सोय होती. तिचं आकर्षण समजण्यासारखं आहे.

आता आपल्या नैयायिकांकडे येऊ. पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. हे अनुमान चालतं, कारण धूर अग्नीवाचून नसतो. उलट चालत नाही. अग्नी आहे म्हणून धूर असेलच, असं नाही. त्यांचं उदाहरण आहे तापलेल्या लोखंडी गोळ्याचं. अग्नी आहे, धूर नाही. माझा भाऊ त्या दिवशी तापलेला गोळा होता. धूर नाही एवढंच बघून अग्नी नाही असं ठरवलं गेलं.

आणि पेशी वाढल्या तरी काय? न्युमोनियात वाढतात, मूत्रमार्गाच्या संसर्गात वाढतात, गरोदरपणात तर काही आजार नसतानाही वाढतात. हेतू असा भलत्या ठिकाणीही सापडला, तर त्याला सव्यभिचार म्हणतात. म्हणजे पेशींचा आकडा दोन्ही बाजूंनी कच्चा.

मग दुसरा साक्षीदार आला. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस हे न्युमोनियाच्या रुग्णांचं रक्त तपासत होते. त्यात त्यांना जे प्रथिन सापडलं, ते आजचं सीआरपी. शरीरात कुठेही दाह झाला की यकृत ते तयार करतं. अपेंडिक्सशी त्याचं खास नातं नाही. पण त्याला वेळ लागतो. पांढऱ्या पेशी आधी चढतात. सीआरपी चढायला सहा-बारा तास लागतात आणि ते शिखरावर पोचतं दोन दिवसांच्या आसपास. म्हणून पहिल्या काही तासांत ते कमी असलं तर फारसं काही सिद्ध होत नाही. दुसऱ्या दिवशी खूप वाढलेलं असलं तर फुटल्याचा किंवा गळू झाल्याचा संशय बळावतो. ऑपरेशननंतरही ते उतरायचं थांबलं, तर सर्जन सावध होतात.

अलीकडे बिलिरुबिनकडेही लक्ष गेलं. आपण त्याला कावीळीपुरतं ओळखतो. पण अपेंडिक्स सडलं की जंतूंचं विष आतड्याच्या रक्तातून थेट यकृतात जातं, आणि बिलिरुबिन थोडं वाढू शकतं. प्रोकॅल्सिटोनिनचंही तसंच. रोग आहे का, यापेक्षा तो बिघडलाय का, हे सांगायला ते जास्त कामाचं.

फिट्झनंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९८६ मध्ये, फिलाडेल्फियाच्या आल्फ्रेडो अल्वाराडो यांनी ३०५ रुग्णांच्या नोंदींवरून दहा गुणांची एक पद्धत बसवली. त्यात रक्ताला गुण किती? पांढऱ्या पेशी वाढल्या तर दोन आणि त्यात न्यूट्रोफिल जास्त असतील तर एक. एकूण तीन. उरलेले सात गुण दुखणं सरकलं का, भूक गेली का, मळमळतंय का, ताप आहे का आणि पोट दाबल्यावर, हात सोडल्यावर काय होतं याला. मला ही वाटणी फार शहाणपणाची वाटते. रक्ताची साक्ष घ्या, पण निकाल एकट्या तिच्यावर देऊ नका.

म्हणजे तपासण्या निरुपयोगी आहेत का? मुळीच नाही. फक्त लक्षणांवर विसंबून सर्जन कापत, तेव्हा शंभरातली पंधरा-वीस अपेंडिक्स निरोगी निघणं हे गृहीतच धरलं जाई. निरोगी माणसाचं पोट फाडणं हीसुद्धा चूकच. पेशी, न्यूट्रोफिल आणि सीआरपी, तिन्ही ठीक असतील आणि दुखणं सुरू होऊन बराच वेळ गेला असेल, तर अपेंडिसायटिसची शक्यता खरोखर कमी होते. शंका उरली तर सोनोग्राफी आहे, सीटी आहे. आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे काही तासांनी पुन्हा तपासणं. पुन्हा रक्त, पुन्हा पोट.

त्या डॉक्टरांबद्दल माझ्या मनात आता राग नाही. ते "अजून सांगता येत नाही, संध्याकाळी परत आणा" एवढं म्हणाले असते तरी पुरलं असतं. नऊ हजार हा आकडा खरा होता. तो सकाळचा होता, इतकंच.

आता प्रश्न घेऊ या.