संख्यावाक्य

संख्या, क्रियाचिन्हे आणि संबंधचिन्ह यांच्या साहाय्याने लिहिलेल्या गणिती विधानाला संख्यावाक्य असे म्हणतात. ५ + ३ = ८ आणि ९ − ४ = ५ ही त्याची साधी उदाहरणे होत. भाषेतील विधानाप्रमाणे संख्यावाक्यही खरे किंवा खोटे असू शकते; २ + २ = ५ हे खोटे असले तरी संख्यावाक्यच आहे. < आणि > ही चिन्हे वापरूनही अशी वाक्ये लिहिता येतात. प्राथमिक शाळेच्या पहिल्या दोन इयत्तांत मुले तोंडी मोजणीकडून लेखी गणिताकडे वळतात, ती प्रामुख्याने संख्यावाक्यांच्या मार्गाने.

चिन्हांचा उगम

छापील पुस्तकात + आणि − ही चिन्हे योहानेस विडमन यांच्या १४८९ साली लाइपझिग येथे प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आढळतात. = हे चिन्ह वेल्समधील गणितज्ञ रॉबर्ट रेकॉर्ड यांनी १५५७ साली ‘द व्हेटस्टोन ऑफ विट’ या ग्रंथात योजले. समानता दाखवण्यासाठी त्यांनी सारख्या लांबीच्या दोन समांतर रेषा निवडल्या.

कृतीकडून लेखनाकडे

जेरोम ब्रूनर यांनी १९६०च्या दशकात मांडलेल्या विचारानुसार ज्ञान कृती, चित्र आणि चिन्ह अशा तीन रूपांत साठवले जाते. संख्यावाक्याच्या अध्यापनात हाच क्रम उपयोगी पडतो. ताटलीत पाच चिंचोके ठेवून त्यांत आणखी तीन टाकले, तर काय घडले हे मुलाने प्रथम स्वतःच्या शब्दांत सांगावे, मग त्याचे चित्र काढावे आणि त्यानंतरच ५ + ३ = ८ असे लिहावे. तेच आठ चिंचोके पुन्हा वेगळे केले की ८ − ३ = ५ आणि ८ − ५ = ३ ही वाक्येही मिळतात. वजाबाकीचे चित्र मात्र बेरजेइतके सरळ नसते, कारण काढून घेतलेली वस्तू उरलेल्या वस्तूंच्या चित्रात दिसतच नाही. त्यासाठी सर्व वस्तू काढून काहींवर काट मारण्याची पद्धत रूढ आहे.

कृतीची पायरी गाळल्यास काय होते, हे मार्टिन ह्यूझ यांच्या १९८६ सालच्या ‘चिल्ड्रन अँड नंबर’ या पुस्तकातून दिसते. वस्तू वाढवल्या किंवा काढल्या हे कागदावर दाखवण्यास सांगितले असता, वर्गात + आणि − ही चिन्हे रोज वापरणाऱ्या मुलांपैकी एकानेही ती वापरली नाहीत.

बरोबर चिन्हाचा अर्थ

‘=’ म्हणजे ‘आता उत्तर लिहा’ अशी अनेक मुलांची समजूत असते. ८ + ४ = □ + ५ या वाक्यातील चौकटीत ७ हवेत. अमेरिकेतील फॉकनर, लेव्ही आणि कार्पेंटर यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या लेखानुसार, हा प्रश्न विचारलेल्या सहावीच्या सर्व १४५ विद्यार्थ्यांनी १२ किंवा १७ असे उत्तर दिले. पुढे बीजगणितात समीकरण सोडवताना ही समजूत मोठा अडथळा ठरते. ५ + ३ = ८ + २ = १० अशी साखळी लिहिणे हे तिचेच दुसरे रूप आहे; त्यातील ५ + ३ = १० हा भाग उघडच खोटा आहे.

मराठीत गुंता थोडा वाढतो. ‘बरोबर’ या शब्दाचे ‘समान’, ‘अचूक’ आणि ‘सोबत’ असे तिन्ही अर्थ मुलांच्या कानावर असतात आणि वहीवर शिक्षक देतात तो शेराही ‘बरोबर’च असतो. म्हणून आरंभी ‘पाच अधिक तीन म्हणजे आठच’ असे वाचून दाखवणे सोयीचे असते. ८ = ५ + ३ किंवा ६ = ६ अशी वाक्ये पहिलीपासूनच दिली, ‘हे खरे की खोटे?’ असे विचारले, तराजूच्या दोन पारड्यांशी तुलना केली, तर समानतेचा अर्थ स्पष्ट होतो. एकाच साच्याची शंभर उदाहरणे सोडवून तो होत नाही.

मराठी संख्यानामे आणि लेखन

‘पंचवीस’ या शब्दात पाच आधी ऐकू येतात, पण २५ लिहिताना दोन आधी येतो. त्यामुळे मुले ५२ लिहितात. ‘एकोणतीस’ ऐकून ३९ लिहिणारी मुलेही आढळतात. अशा वेळी वाक्यातील क्रिया समजलेली असूनही उत्तर चुकते, आणि ही चूक बेरजेची मानली जाण्याचा धोका असतो. बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या पाठ्यपुस्तकात २०१९ साली रूढ नावांबरोबर ‘वीस पाच’ अशा धर्तीचे वाचनही देण्यात आले, त्यावर महाराष्ट्रात मोठा वाद झाला. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे आणि सुट्या काड्या मांडून २० + ५ = २५ असे लिहून घेतल्यास संख्येचे नाव आणि तिचे लेखन यांची सांगड कोणत्याही पद्धतीत घालता येते.