डब्यातली माणसं

माझा मामा बोटीवर खलाशी. १९७१ साली त्यानं न्यूयॉर्कच्या धक्क्यावरून पत्र्याचा एक डबा आणला. आत बेसबॉलची कार्डं. पुढं खेळाडूचा फोटो, मागं त्याचा हिशेब. कोणत्या साली कुठल्या संघात, किती खेळला. टॉप्स नावाची कंपनी च्युइंगगमच्या पुडीत ही कार्डं घालून विकायची. चाळीतली पोरं तेव्हा गावसकरचे फोटो कापून भिंतीला लावत होती. मी डिक्शनरी घेऊन ह्या काळ्या माणसांची अक्षरं लावत बसायचो. बेसबॉलची मॅच बापजन्मात पाह्यली नव्हती. पण माझं निम्मं इंग्रजी त्या डब्यातलं.

पहिला हिरो सॅचेल पेज. कार्ड १९५३ चं. नावात एक 'एल' जादा छापलाय. एवढा मोठा बॉलर, अन् त्याचं नावसुद्धा धड लिहिता येईना यांना! गोऱ्यांच्या मोठ्या लीगमधे काळ्याला जागा नव्हती. म्हणून १९२० साली रूब फॉस्टरनं काळ्यांची स्वतःची लीग उभी केली, निग्रो नॅशनल लीग. पेजची सगळी उमेद तसल्या लीगांमधे, बसनं गावोगाव फिरण्यात गेली. मोठ्या लीगनं त्याला घेतलं १९४८ साली. वय ४२! इतर लोक त्या वयात खेळ सोडून बसतात, हा तिथं नवखा म्हणून उतरला.

अन् पुढची गंमत ऐका. १९७१ मधे त्याला बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममधे, म्हंजे नामवंतांच्या दालनात घ्यायचं ठरलं. कसं? तर निग्रो लीगवाल्यांसाठी वेगळा कोपरा करून. गावकुसाबाहेरचा पाणवठा आपल्याला शिकवायला नको. बोंबाबोंब झाली, तेव्हा त्याला इतरांच्या बरोबरीनं घेतलं.

जॉश गिब्सनचं कार्ड डब्यात नव्हतं. पेजइतकाच मोठा, पण मारणारा. १९४७ च्या २० जानेवारीला तो गेला, वय ३५. १५ एप्रिलला जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनकडून मैदानात उतरला, मोठ्या लीगचं दार उघडलं. तीन महिने आधी, दोस्तहो! निग्रो लीगचे आकडे मोठ्या लीगच्या दप्तरात चढले ते थेट २०२४ मधे. चढले तेव्हा गिब्सनची सरासरी निघाली ०.३७२, सगळ्यांच्या वर. टाय कॉबचा ०.३६७ चा जुना विक्रम खाली गेला. मेल्यावर ७७ वर्षांनी.

रॉबर्टो क्लेमेंटे पोर्टो रिकोचा. काळा, आणि वर स्पॅनिश बोलणारा. कार्डांवर त्याला बरीच वर्षं 'बॉब' छापत. तो सांगायचा, माझं नाव रॉबर्टो. शाळेत मास्तरनं आपल्या सोयीनं नाव बदलून लिहिलेली माणसं आपल्यातही आहेत, त्यांना हे जास्त कळेल. ३,००० फटके पुरे करून १९७२ च्या ३१ डिसेंबरला तो निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी सामान घेऊन विमानात बसला. विमान समुद्रात पडलं.

पण डब्यातला माझा खरा माणूस कर्ट फ्लड. सेंट लुईसकडून १२ वर्षं खेळला. १९६९ च्या ऑक्टोबरात मालकानं त्याला न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. तेव्हा नियमच तसा होता. करार संपला तरी खेळाडू मालकाचाच. फ्लडनं बेसबॉलच्या कमिशनरला पत्र धाडलं, की मी खरेदी-विक्रीची वस्तू नाही. पगार ९०,००० डॉलर. लोक म्हणाले, ह्याला कसली आलीय गुलामी? तो टीव्हीवर बोलला, पगार भरपूर असला म्हणून गुलाम गुलामच राहतो.

१९७० मधे खटला उभा राहिला. खेळत असलेला एकही खेळाडू कोर्टात त्याच्या बाजूला येऊन बसला नाही. साऱ्यांना पोटाची भीती. शिव्या मी देत नाही. मोर्चाच्या आदल्या रात्री आपल्यातले किती जण घरी राहिले, तेही मी पाह्यलंय. साक्षीला आला जॅकी रॉबिन्सन. केस पांढरे, मधुमेहानं डोळे चाललेले. त्यालाही १९५६ च्या डिसेंबरात असंच दुसऱ्या संघाला देऊन टाकलं होतं. तो गेला नाही, खेळच सोडला.

१९७२ च्या जूनमधे सुप्रीम कोर्टात फ्लड हरला, ५ विरुद्ध ३. त्याच साली आपल्या पोरांनी तिथल्या ब्लॅक पँथरवरून इथं पँथर उभी केली. ब्लॅक पँथर आम्हाला ठाऊक होते, फ्लड कुणाच्या गावीही नव्हता. १९७५ च्या डिसेंबरात लवादाच्या निकालानं तो नियम मोडला. पुढच्या खेळाडूंनी लाखो कमावले. फ्लडचं खेळणं त्याआधीच संपलं होतं. १९७१ मधे वॉशिंग्टनकडून १३ सामने, बस्स.

डब्यातलं त्याचं कार्ड १९७० चं आहे. त्यावर संघाचं नाव छापलंय, फिलाडेल्फिया. त्या संघाकडून तो एकही सामना खेळला नाही.